सगळं वर गेलंय ना?

जुलै आला की आमच्या कळंब्यात दोन गोष्टी हमखास होतात. पहिली, तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागतं आणि ते बघायला अख्खं कोल्हापूर गाड्या काढून येतं. गरम कणीस, भजी, सेल्फी, ट्रॅफिक जॅम... फुल पॅकेज! दुसरी, लाईट जाते, नेट जातं आणि घरून काम करणाऱ्या आमच्या गँगचे मला फोन सुरू होतात. ‘अगं, काल रात्री फाईल टाकली होती, पुण्याच्या ऑफिसात दिसतच नाहीये.’ ‘बॉस म्हणतोय ही जुनीच शीट आहे.’ ‘ते दोन बाण सकाळपासून गोल गोल फिरतायत, काय करू?’

मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. मास कॉम केलेली, लेखांवर पोट भरणारी साधी फ्रीलान्सर आहे. तरी मित्रमंडळींत मी ‘सिंकवाली’ म्हणून फेमस झालेय. कशी झाले ती स्टोरी फारशी मिरवण्यासारखी नाही, पण आज सांगूनच टाकते.

माझे काका शाहूपुरीत टॅक्सची कामं करतात. घर वर, ऑफिस खाली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी त्यांच्या कॉम्प्युटरवर क्लाऊडचं फोल्डर बसवून दिलं. कुठल्या कंपनीचं ते सोडा. ‘काका, या फोल्डरमध्ये जे ठेवाल ते आपोआप वर जाणार. नो टेन्शन!’ असं मोठ्या ऐटीत सांगून मी मोकळी झाले.

मग आला जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३ फूट. कोल्हापूरकराला हे आकडे स्वतःच्या मोबाईल नंबरसारखे पाठ असतात. त्या वर्षी नदी दोन्ही आकडे मागे टाकून पुढे गेली, पुणे-बंगळुरू हायवे बंद पडला. काकांनी २०१९चा पूर बघितलेला, त्यामुळे ते पाणी गल्लीत शिरायच्या आधीच उठले. कागदाच्या फायली जिन्यानं वर नेल्या. काकूनं देव आणि दागिने पिशवीत घातले. आणि कॉम्प्युटर? तो खालीच टेबलावर राहिला. काकू म्हणाली, ‘तो घ्यायचा न्हाई?’ काका म्हणाले, ‘त्यातलं सगळं वर हाय की. पोरीनं करून दिलंय.’

कळंब्याला आमच्या घरी आल्यावर चहा झाला. काका म्हणाले, ‘उघड बघू जरा.’ मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मी त्यांचं अकाऊंट उघडलं. शेवटची फाईल मार्चमधली. एप्रिल नाही, मे नाही, जून नाही. मी तीनदा रिफ्रेश केलं. काका नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. ते ओरडले असते तरी चाललं असतं.

झालं होतं काय? फुकटची जागा मार्चमध्ये संपली होती, बस. काकांच्या मेलवर क्लायंट लोकांची स्कॅन केलेली बिलं यायची, त्यांनीच ती खाल्ली होती. तलाव भरला की सांडवा वाजतो, लांबून ऐकू येतं. क्लाऊड भरला की आवाज येत नाही. घड्याळाशेजारच्या छोट्याशा बाणामागे एक लाल खूण चार महिने बसून होती आणि तो बाण काकांनी कधी दाबलाच नव्हता. मीही त्यांना तो दाखवला नव्हता. हा लेख त्या लाल खुणेबद्दल आहे असं समजा.

तर फंडा असा. गूगलवर फुकट मिळतात १५ जीबी, पण त्या जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. हल्ली अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. म्हणजे फॅमिली ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे गुलाब तुमच्या अप्रेझलच्या फाईलची जागा खातात! वनड्राइव्ह आणि आयक्लाऊडवर फुकट ५ जीबी, ड्रॉपबॉक्सवर २. त्यामुळे सिंक अडकलं की आधी किती जागा उरलीय ते बघा. दोन्हीकडची. सी ड्राइव्ह गच्च भरली असेल तरी गाडी पुढे सरकत नाही.

जागा आहे, तरी बाण फिरतच आहेत? मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करण्याआधी एक काम करा. ब्राउझर उघडा, त्या सर्व्हिसच्या वेबसाईटवर जा आणि फाईल तिथे आहे का, शेवटचा बदल किती वाजताचा आहे, ते वाचा. तुमच्या मशीनवरचं फोल्डर तुम्हाला काहीही दाखवू शकतं. दुसऱ्या माणसाला दिसतं ते वेबसाईटवरचं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा फोनांचा निकाल इथेच लागतो.

यानंतरचं कारण खास आपल्या पावसाळ्याचं. लाईट गेली, वायफाय गेलं, आपण हॉटस्पॉट लावला. कनेक्शन ‘मीटर्ड’ म्हणून लावलेलं असेल तर डेटा वाचवायला वनड्राइव्ह स्वतःच सिंक थांबवतं. बॅटरी सेव्हर लागला की तेच. बिचारा प्रोग्रॅम तुमचे पैसे वाचवत असतो आणि तुम्ही त्याला शिव्या घालत असता. आयकॉनवर क्लिक करून सिंक परत सुरू केलं की झालं. पासवर्ड बदलला की अकाऊंट गुपचूप साईन आऊट होतं, तेही बघून घ्या. जुन्या डेस्कटॉपचा आतला छोटा सेल संपला असेल तर तारीख भलतीच मागे जाते, आणि मग मशीनला सुरक्षित कनेक्शनच जोडता येत नाही. घड्याळ बरोबर केलं, क्लाऊड चालू! मागच्या वर्षी एका मैत्रिणीकडे हे करून मी फुकटची मिसळ मिळवलीय.

फाईलच्या नावांचा घोळ तर विचारूच नका. मॅकवर किंवा फोनवर चालणारं प्रश्नचिन्ह किंवा फुली विंडोजला नावात चालत नाही. ‘फायनल बजेट???’ असं मॅकवरून टाकलं की विंडोजवाल्या सहकाऱ्याकडे तेवढी एकच फाईल अडकते, बाकी सगळ्या पोचतात. मराठी नावांची आणखी एक गंमत आहे. लिनक्स आणि अँड्रॉइडवर नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, सगळे वेगवेगळे मोजायचे. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खल्लास. ‘...सुधारित अंतिम प्रत साहेबांनी बघितलेली’ अशी नावं ठेवणाऱ्यांनी जरा जपून. (फाईल पोचलीय, उघडतेय, पण आत मराठीऐवजी चित्रविचित्र खुणा दिसतायत, तर तो गुन्हा क्लाऊडचा नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. आमच्या धंद्यात हे आजही चालतं.)

तोच दस्तऐवज दोघांनी नेट नसताना उघडला, दोघांनी बदलला, मग नेट आलं. आता खरी प्रत कोणती? सिंकला ते ठरवता येत नाही, म्हणून ते बऱ्याचदा दोन्ही ठेवतं आणि एकीच्या नावापुढे ‘कॉन्फ्लिक्टेड’ वगैरे शेपूट लावतं. ती फाईल कचरा समजून उडवू नका. अर्ध्या तासाची मेहनत त्यातच असते. दोन्ही शेजारी उघडा, जुळवा, मगच एक काढा.

आणि हे नीट ऐका. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक तुमच्या चुकाही तितक्याच इमानदारीनं वर नेतं. तुम्ही इथे डिलीट केलंत की तिथेही डिलीट. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवस राहते, मग कायमची जाते. मोठ्या कंपन्यांचंही चुकतं. नोव्हेंबर २०२३मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या ८४व्या आवृत्तीत काही लोकांच्या, अजून वर न गेलेल्या फाईली गायब झाल्या होत्या. तेव्हा कंपनीनं सांगितलं होतं की अकाऊंट डिस्कनेक्ट करू नका आणि त्या प्रोग्रॅमचं डेटा फोल्डर डिलीट करू नका, हलवूही नका. पुढच्या आवृत्तीत फाईली परत मिळवायची सोय दिली गेली, आणि ज्यांनी घाईत सगळं पुसून नव्यानं बसवलं असेल, त्यांच्याकडे परत मिळवायला काय उरणार? म्हणून ‘अनइन्स्टॉल करून परत टाक’ हा ऑफिसातल्या प्रत्येक स्वयंघोषित एक्स्पर्टचा रामबाण उपाय सगळ्यात शेवटी. तोही न गेलेल्या फाईली आधी पेनड्राइव्हवर उतरवून.

हो, पेनड्राइव्ह! ड्रॉपबॉक्सचा जन्मच त्यातून झाला. ड्रू ह्यूस्टन बोस्टनहून न्यूयॉर्कला बसनं निघाला होता आणि पेनड्राइव्ह घरी विसरला. त्या वैतागातून २००७मध्ये कंपनी उभी राहिली. काकांना हा किस्सा सांगितला तर म्हणाले, ‘त्यो इसरला, मी मुद्दाम ठेवून आलो.’

काकांच्या हार्ड डिस्कचं पुढे काय झालं? पाणी ओसरल्यावर चिखलातून सीपीयू काढला. ‘वाळवून चालू करून बघू’ असं शेजारी म्हणाले, नशीब आम्ही ऐकलं नाही. भिजलेली डिस्क चालू केली की आतल्या तबकड्यांवर ओरखडे पडू शकतात, मग उरलेलंही जातं. आम्ही तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे दिली. निम्म्याच्या आसपास परत आलं. बाकीचं काकांनी रिटर्नच्या सीझनमध्ये क्लायंट लोकांना फोन करकरून, त्यांच्याकडच्या बिलांवरून पुन्हा उभं केलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. मी शेजारी बसून एन्ट्र्या मारत होते.

त्यानंतर जागा विकत घेतली. दर शनिवारी काका वेबसाईट उघडून शेवटच्या फाईलची तारीख मला फोनवर वाचून दाखवतात. महिन्यातून एकदा सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरतं. ती डिस्क आमच्याकडे कळंब्यात, माझ्या कपाटात असते.

जुलै २०२४मध्ये पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. काका-काकू भर पावसात आमच्या दारात. स्कूटरच्या पुढ्यात प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला सीपीयू.

‘काका, सगळं वर गेलंय ना?’

‘गेलंय की. सकाळीच बघितलं,’ रेनकोट झटकत काका म्हणाले. ‘धर, ह्यो आत घे आधी.’