स्पष्टवक्ता सुखी, ऐकणाऱ्याचे काय?

‘स्पष्टवक्ता सुखी भवेत्’ हे वचन आपल्याकडे मोठ्या कौतुकाने उद्धृत केले जाते. त्यात सुख सांगितले आहे ते बोलणाऱ्याचे. ऐकणाऱ्याविषयी अवाक्षर नाही. विभागप्रमुख, शोधप्रबंधाचे मार्गदर्शक किंवा कचेरीतले साहेब ‘आपण बुवा तोंडावर बोलतो’ असे अभिमानाने सांगतात, तेव्हा आम्हांला या उणिवेची आठवण होते.

वरिष्ठांनी गोडगोड बोलावे, असा आमचा आग्रह मुळीच नाही. प्रबंधातले दोष झाकून ठेवणारा मार्गदर्शक विद्यार्थ्याचे अधिकच नुकसान करतो; ते मौखिक परीक्षेच्या दिवशी उघडे पडते. परंतु ‘तिसऱ्या प्रकरणातील निष्कर्षाला पुरावा नाही’ आणि ‘तुम्हांला संशोधन जमणारच नाही’ ही दोन्ही वाक्ये सारखीच परखड आहेत. पहिल्या वाक्यानंतर विद्यार्थी ग्रंथालयात जातो; दुसऱ्यानंतर त्याची रात्रीची झोप जाते. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डीनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायाच्या परिणामांवरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. अभिप्रायामुळे सरासरीने काम सुधारले होते; मात्र एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ते बिघडले होते. लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की अभिप्रायाची उपयुक्तता घटते, असे त्यांनी दाखवले.

मराठी साहित्यव्यवहाराला हा भेद ठाऊक आहे. ‘सत्यकथा’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना हस्तलिखितांविषयी सविस्तर पत्रे लिहीत, बदल सुचवीत, साहित्य साभार परतही करीत. चर्चा असे ती संहितेची. तरीही १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथा’ची होळी केलीच. अभिप्रायाची रीत कितीही सभ्य असो, निवडीचा अधिकार एकाच अभिरुचीच्या हाती एकवटला की घुसमट होते. सौजन्याने सत्तेचा प्रश्न मिटत नाही.

कचेरीत आणि महाविद्यालयातही तेच घडते. ज्याच्या सहीवर दुसऱ्याची पदोन्नती वा पदवी अवलंबून आहे, त्याला परखड बोलायला धैर्य लागत नाही. त्याचे काहीच पणाला लागलेले नसते. धैर्य लागते ते कनिष्ठाला. म्हणून वरिष्ठाच्या स्पष्टवक्तेपणाची परीक्षा त्याच्या जिभेवरून करू नये, कानांवरून करावी. ‘सर, तुमचे हे म्हणणे मला पटत नाही’ हे वाक्य ज्याच्या खोलीत निर्धास्तपणे उच्चारता येते, त्याचे कठोर शब्दही माणसाला घडवतात. इतरांच्या परखडपणाला आम्ही अधिकार गाजवणे म्हणू.