भुताचे सरबत

पाकक्रिया सांगणे हा या सदराचा विषय नव्हे, व आयुष्यभर खडू आणि व्याकरण यांखेरीज हाती दुसरे काही न धरलेल्या शिक्षकाने ती सांगू नये, हे आम्ही जाणतो. तथापि २०२४ सालच्या दिवाळीत आमच्या हातून एक सरबत तयार झाले, व त्याच्या निमित्ताने आमचीच एक जुनी चूक आमच्या पदरात पडली. ती चूक बहुतेक घरांतून वडीलधारी मंडळी करीत असल्यामुळे येथे सांगण्याचे धाडस करीत आहोत.

आमच्या अकोल्याच्या घरामागे एक जुनी विहीर आहे. काटेपूर्णेचे पाणी नळाने घरात येऊ लागल्यापासून तिच्याकडे कोणी फिरकत नाही. पाणी मूळचेच मचूळ. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची झळ आमच्या आडासही लागलेली आहे. काठाशी पिंपळ, व कठडा गुडघाभर उंचीचा. मे महिन्यात मुलगा व सूनबाई मुलांस घेऊन पुण्याहून आली, तेव्हा सहा वर्षांचा धाकटा नातू दिवसातून दहादा त्या कठड्याशी जाऊन वाकून पाहू लागला. सांगून ऐकेना. तेव्हा एके सायंकाळी आम्ही त्यास मांडीवर घेऊन सांगितले की, त्या पिंपळावर मुंजा राहतो, व विहिरीत डोकावणाऱ्या मुलास तो हाक मारतो. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी वारलेल्या बटूचे ते भूत, कमरेस लंगोटी, हाती दंड, इत्यादी सर्व वर्णन आमच्या आजीने आम्हांस जसे सांगितले होते तसेच आम्ही सांगितले. औषध तत्काळ लागू पडले. मूल पुन्हा विहिरीकडे गेले नाही, आणि आम्ही मनात समाधान पावलो. भांडी घासावयास येणाऱ्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "मास्तर, काहून भेव दाखवता पोराले?" आम्ही ते हसण्यावारी नेले.

दिवाळीस मंडळी पुन्हा आली, तेव्हा त्या औषधाचा दुसरा गुण दिसून आला. दिवे लागल्यानंतर पोर आईचा पदर सोडीना. मागील दाराकडे पाठ करून बसे. पुण्यासही रात्री दचकून उठतो, असे सूनबाईंनी आमच्या कुटुंबास सांगितले. आम्हांस सांगितले नाही, हा त्यांचा विनय. नरकचतुर्दशीच्या पहाटे मागल्या न्हाणीघरात अभ्यंगस्नानाचे पाणी काढलेले, उटणे वाटलेले, आणि हा मुलगा मधल्या दारात उभा राहून थरथर कापत आहे. कारीट पायाने फोडून नरकासुराचा वध करावयाचा, त्या दिवशी आमच्या घरातील असुर आम्हीच निर्माण केलेला होता. शेवटी त्याचे स्नान पुढल्या मोरीत, उजाडल्यावर झाले.

आता योग असा की, त्या वर्षी नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबर रोजी आली होती, आणि पाश्चात्त्यांची 'हॅलोविन' नावाची भुतांची रात्र याच तारखेस असते. अकरा वर्षांच्या आमच्या नातीने आळीतील बारा मुलांस सायंकाळी भुतांच्या मेजवानीचे निमंत्रण देऊन टाकले होते. फराळाचे घरात होतेच. तिला हवे होते एक 'भुताचे सरबत'. शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ म्हणाले, "मास्तर, आपण संस्कृतचे शिक्षक, आणि ऐन दिवाळीत आपल्या अंगणात भुते?"

आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु विचार केला तर हे पाहुणे फारसे परके नाहीत. पश्चिमेकडील हा दिवस १ नोव्हेंबरच्या सर्वसंतदिनाची पूर्वसंध्या असून, त्याचे मूळ केल्टिक लोकांच्या 'साविन' नावाच्या, हिवाळ्याच्या आरंभी येणाऱ्या सणात सांगतात. आयर्लंडात पूर्वी सलगम कोरून आत दिवा ठेवीत. अमेरिकेत गेल्यावर सलगमाचा भोपळा झाला. इकडे आपणही धनत्रयोदशीस यमदीपदान करतो, चतुर्दशीस यमतर्पण करतो. बंगाल्यात तर याच चतुर्दशीस 'भूतचतुर्दशी' असे नाव असून, त्या रात्री चौदा दिवे लावतात व चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात. दिवस लहान होऊ लागले, रात्र वाढली की माणसास मेलेल्यांची आठवण होते व तो दिवा लावतो, एवढाच याचा अर्थ. वेताळाच्या पंचवीस गोष्टी सोमदेवाने कथासरित्सागरात गुंफल्या, त्या वाचून कोणाचे संस्कार बिघडल्याचे ऐकिवात नाही.

सरबतासंबंधी मात्र आम्हांस धास्ती वाटली ती भुतांची नव्हे, तर बाजाराची. नातीने जी चित्रे दाखविली त्यांत पेल्यांतून पांढरा धूर वाहत होता. हा धूर ड्राय आइसचा, म्हणजे गोठविलेल्या कर्बद्विप्राणिल वायूचा; त्याचे उष्णतामान शून्याखाली ७८ अंश. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राम येथील एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून हाच पदार्थ दिला गेला, व पाच माणसांच्या तोंडातून रक्त आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत तमिळनाडू सरकारने 'म्हातारीच्या केसां'वर बंदी घातली, कारण त्यांत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग सापडला. मुलांच्या पेल्यात चमत्कार दाखवावयाचा तर तो परसातील असावा, असे आम्ही ठरविले. आणि परसात गोकर्णीचा वेल निळ्या फुलांनी भरलेला होता.

कृती सोपी आहे. बारा पेल्यांकरिता निळ्या गोकर्णीची सुमारे पन्नास ताजी फुले घ्यावीत. हिरवे देठ व पुष्पकोश काढून पाकळ्या धुवाव्यात. फुलेच घ्यावीत, बी व मूळ रेचक असल्यामुळे त्यांचा स्पर्श होऊ देऊ नये. एक लिटर पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, पाकळ्या टाकून दहा मिनिटे झाकून ठेवावे व गाळावे. शाईसारखे गर्द निळे पाणी मिळते. त्यात बारा चमचे साखर व चिमूटभर सैंधव विरघळवून, आणखी एक लिटर गार पाणी घालावे. दोन चमचे सब्जा वेगळ्या वाटीत वीस मिनिटे भिजवावा. पुरता फुगल्याखेरीज मुलांस देऊ नये, कोरडा दाणा घशात फुगतो. फुगलेला सब्जा निळ्या पाण्यात तरंगू लागला की बेडकाच्या अंड्यांखेरीज दुसरे काही आठवत नाही. काही घरांतून 'डोळे' म्हणून अख्खी द्राक्षे टाकतात, ती लहान मुलांच्या घशात अडकतात. टाकावयाचीच तर उभी चार फाकी करून टाकावीत. धुराची हौस असल्यास भांड्यापासून दूर धुपाटण्यात ऊद घालावा.

खरा चमत्कार शेवटी आहे. प्रत्येक मुलाच्या हाती एका वाटीत चमचाभर लिंबाचा रस द्यावा. तो निळ्या पेल्यात पडताच पाणी क्षणात जांभळे होते, आणखी घातल्यास गुलाबी. फुलातील रंगद्रव्य आम्लाच्या संगतीत रंग पालटते, आणि क्षाराच्या संगतीत हिरवट होते. हळदीवर चुना पडला की ती लाल होते, ती याच जातीची गोष्ट.

मेजवानीपूर्वी, दुपारी लख्ख उन्हात, आम्ही धाकट्या नातवास हाक मारली व म्हणालो, "आम्हांस एक प्रयोग करावयाचा आहे. विहिरीचे पाणी लागेल. तू दोर धरशील काय?" तो गप्प. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही पुढे चला." आम्ही त्याचा हात घट्ट धरून गेलो. पोहरा आम्ही सोडला, दोराचे टोक त्याच्या हाती दिले. त्या पाण्यात गोकर्णीच्या पाकळ्या उकळल्या तेव्हा, खारपाणपट्ट्याचे पाणी ते, निळ्यात हिरवी झाक आली. खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकताच अधिकच हिरवे झाले. नळाच्या पाण्याचा पेला शेजारी निळाच राहिला. "मुंज्याने केले?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "पाण्यातील क्षाराने केले." पिण्याकरिता नव्हे, पाहण्याकरिता, असे बजावून तो पेला खिडकीत ठेवला.

मग आम्ही त्यास दुसरी गोष्ट दाखविली. सुरीस जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळू दिल्या, व तीच सुरी लिंबावर फिरविली. लिंबातून 'रक्त' आले. पोर ओरडले, मग स्वतःच सुरी पाहू लागले. याच युक्तीने भोंदू लोक भोळ्या माणसांस नाडतात, व अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हीच युक्ती उघडी करून दाखवितात. असल्या अघोरी ठकबाजीविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोळकरांच्या हत्येनंतर. आणि त्याच्या कितीतरी आधी आमच्याच वऱ्हाडातील गाडगे महाराज हाती खराटा घेऊन हेच सांगत फिरले होते. ज्या मातीत ते हिंडले त्या मातीतील शिक्षकाने पिंपळावर मुंजा बसवावा, हे काही भूषण नव्हे.

सायंकाळी बारा मुले जमली. कोणी हडळ, कोणी खवीस, कोणी वेताळ. धाकट्याने काय व्हावयाचे ते कोणास सांगितले नव्हते. तो लंगोटी लावून, हाती आमची काठी घेऊन आला, मुंजा होऊन! प्रत्येकाच्या पेल्यात लिंबू पडण्याची खूण त्याने काठी आपटून दिली, आणि अंगणभर "जांभळे झाले, जांभळे झाले" असा एकच गलका उडाला. आक्षेप घेणारे शेजारीही कुंपणाशी उभे होते. त्यांनी दोन पेले घेतले.

रात्री निजताना त्याने विचारले, "आजोबा, मग तो पिंपळावरचा मुंजा?" चाळीस वर्षे वर्गात उत्तरे दिलेल्या माणसास हे उत्तर जड गेले. आम्ही म्हणालो, "तो नव्हता. आम्ही खोटे बोललो. तू विहिरीत पडशील अशी भीती आम्हांस वाटत होती." तो बराच वेळ छताकडे पाहत होता. मग म्हणाला, "मग विहिरीला झाकण का नाही लावलं?"

रज्जुसर्पन्याय आम्ही शेकडो मुलांस शिकविला: अंधारात दोरी सर्प भासते, दिवा आणला की भ्रम जातो. येथे आम्ही उलट केले होते. समोर खरा सर्प होता, त्यास सोडून मुलास दोरी दाखवून घाबरविले. विहीर खोल आहे, कठडा ठेंगणा आहे, पडल्यास प्राण जाईल, हे सहा वर्षांच्या मुलास समजते. न समजल्यास ते समजेपर्यंत विहीर झाकणे वडिलांचे काम आहे. खोट्या भीतीने ते काम वाचते, म्हणून आपण ती वापरतो. पोलीस येईल, बागुलबुवा नेईल, डॉक्टर सुई टोचील, ही सर्व त्याच जातीची झाकणे.

भाऊबिजेनंतर आम्ही लोहारास बोलावून विहिरीवर जाळी बसवून घेतली. गोकर्णीस संस्कृतात अपराजिता म्हणतात; तिचा एक वेल आता त्या कठड्याशी लावला आहे. नातवाचे पत्र आले आहे की, मे महिन्यात आल्यावर फुले तोच तोडणार.