समुपदेशक आणि एकत्र कुटुंब

घरांतील दुःख उंबऱ्याबाहेर जाऊं देऊं नये, ही आमच्या कुटुंबांची जुनी रीत. सासू-सुनेंत बेबनाव झाला कीं मामा येत, आत्याबाई येत, प्रसंगीं कुलोपाध्यायांचा शब्द चाले. आतां मामा परदेशीं असतात आणि आत्याबाईंना सवड नसते. म्हणून समुपदेशकाकडे जाण्याची पाळी येते. तेथें जाणाऱ्या कुटुंबानें काय जाणून असावें, याचा या महिन्यांत विचार करूं.

कौटुंबिक समुपदेशनाचें शास्त्र पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्यास आकारास आलें. अमेरिकेंत साल्व्हादोर मिनुचिन यांनीं १९७४ सालच्या आपल्या ग्रंथांत कुटुंबांतील माणसांमधील सीमारेषा स्पष्ट असाव्या असें प्रतिपादन केलें. मरे बोवेन यांनीं नात्यांत राहूनहि व्यक्तीनें आपलें स्वत्व राखावें यावर भर दिला. विचार मोलाचे आहेत. परंतु ज्या घरांत पुतण्याची फी काका भरतात आणि सुनेच्या बाळंतपणास चुलत सासू उभी राहते, तेथें सीमारेषा कोठें ओढावयाची? सासूनें सुनेच्या स्वयंपाकांत लक्ष घालणें ही ढवळाढवळ कीं आस्था, हें त्या घरची रीत कळल्यावांचून कोणास सांगतां येणार नाहीं. मोनिका मॅकगोल्ड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं संपादिलेल्या ग्रंथांत आयरिश, इटालियन, ज्यू अशा निरनिराळ्या समाजांतील कुटुंबांचा स्वतंत्र विचार झाला, तो याच कारणानें.

आमच्याकडील तज्ज्ञांनीं हें त्यापूर्वींच ओळखलें होतें. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रुग्णांच्या आप्तांस आवारांत तंबूंमधून राहूं दिलें आणि उपचारांत सामील करून घेतलें. डॉ. जसवंतसिंग नेकी यांनीं १९७३ सालीं गुरु-शिष्याचें नातें हा उपचाराचा एक नमुना होऊं शकेल, असा विचार मांडला.

येथेंच धोकाहि आहे. गुरु बोलतो, शिष्य ऐकतो. समुपदेशकासमोर चार वडीलधारीं माणसें बसलीं कीं सून मान खालीं घालून 'माझें कांहीं म्हणणें नाहीं' असें म्हणते, आणि सर्वांस वाटतें, मिटलें. वास्तविक तें मिटलेलें नसतें. पुढें झोप उडते, डोकें दुखतें, अन्न जात नाहीं. जें तोंडानें बोलतां आलें नाहीं तें शरीर बोलूं लागतें. म्हणून जाणता समुपदेशक वडिलांचा मान राखतो, पण प्रत्येकाशीं एकांतांतहि बोलतो.

पुण्यांत कुटुंब न्यायालय १९८९ सालीं सुरू झालें. ज्या १९८४ सालच्या कायद्याखालीं तें स्थापन झालें, त्यांत समुपदेशकांची योजना आहे आणि शक्य तेथें समेटाचा यत्न करणें हें न्यायालयाचें कर्तव्य ठरविलें आहे. हेतु उत्तम. मात्र एकानेंच सोसावयाचें व इतरांनीं सुखानें जेवावयाचें, याला तडजोड म्हणत नाहींत. जेथें मारहाण आहे तेथें आधीं संरक्षण, मग समेटाची भाषा; २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें स्त्रीस तें संरक्षण मागण्याचा हक्क दिला आहे.

आमच्या परंपरेंत याला आधार नाहीं असें कोणी म्हणूं नये. गीतेचा पहिला अध्यायच विषादाचा आहे. तो विषाद ऐकून घेणारा सखाहि होता आणि आप्तहि. परंतु सारा उपदेश सांगून झाल्यावर, अठराव्या अध्यायांत, श्रीकृष्ण अर्जुनास सांगतात कीं याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसें कर. निर्णय शिष्याच्या हातीं ठेवणें हेंच थोर गुरूचें लक्षण होय.

तेव्हां घरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच. सून किंवा मुलगा समुपदेशकाकडे एकटा जाऊं म्हणेल तर जाऊं द्यावें, आणि परत आल्यावर 'काय सांगितलेंस?' असें खोदून विचारूं नये. बाहेर जाण्याचा संकोच वाटत असेल तर सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतून बोलतां येतें. घराची अब्रू दुःख लपविल्यानें राहत नाहीं. त्या घरांतल्या सर्वांत धाकट्या माणसालाहि मन मोकळें करतां येतें कीं नाहीं, यावर ती ठरते.