गिधाडांसाठी बंदी, माणसांसाठी सुट्टी गोळी!

"अंगदुखीच्या चार गोळ्या द्या." वाळूजपासून टीव्ही सेंटरपर्यंत कुठल्याही मेडिकलवर जरा वेळ उभे राहा, हे कानावर पडतंच. दुकानदार कात्रीने पाकीट कापतो, पैसे घेतो. बीपी आहे का, शुगर आहे का, काही विचारत नाही. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नावही धड राहत नाही.

त्यात बरेचदा डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक असतं. डायक्लोफिनॅक 'शेड्यूल एच'मधलं औषध आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही. याच औषधाने देशातली गिधाडं संपत आणली. औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं आणि त्यांच्या किडन्या गेल्या. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, हे खरं. पण ती लोखंडाचीही नाही.

औषध वाईट नाही. डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस, जेवणानंतर घेतलं तर कामाचं आहे. पण शरीरातला जो घटक दुखणं वाढवतो, तोच पोटाचं अस्तर सांभाळतो आणि किडनीचा रक्तपुरवठा नीट ठेवतो. गोळी तो घटकच कमी करते. म्हणून अल्सर होतो, रक्तस्राव होतो, बीपी वाढतं. जास्त दिवस घेतली तर हार्ट अटॅकचा धोकाही वाढतो.

आता आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा चाळिशीपार, नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सांगायला नको. हमाल, बांधकामावरचा मजूर, कंपनीतला कंत्राटी कामगार घामाने निथळतो, पाणी कमी पितो आणि रोजी बुडू नये म्हणून उपाशीपोटी गोळी घेतो. किडनीवर घाला पडतो तो असा. त्यात बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी मोठा.

दोन गैरसमज सोडा. सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली तर पोटाला आधार मिळतो, किडनीला नाही. आणि इंजेक्शन घेतलं म्हणून पोट वाचत नाही, औषध रक्तातूनच काम करतं.

पावसाळ्यात ताप आला, डेंग्यूची शंका असली तर या गोळ्या नकोतच, रक्तस्राव वाढू शकतो. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. शौच काळी झाली, लघवी कमी झाली, पायावर सूज आली तर घरी थांबू नका, घाटी गाठा.

मजुराला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. एक दिवस घरी बसला तर चूल पेटत नाही त्याची. पण काउंटरमागे फार्मासिस्ट बसवायचा नियम आहे तो कशासाठी? बीपी, किडनी, अल्सर, हे तीन प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. अन्न व औषध प्रशासनाने साधं गिऱ्हाईक बनून शहरातल्या दहा दुकानांत जावं आणि अंगदुखीची गोळी मागावी. चिठ्ठी कोण मागतं, ते लगेच कळेल.