पपईची पाने आणि प्लेटलेटचा आकडा

पावसाळा ओसरू लागला की कॉलनीतल्या पपईच्या झाडाला पान म्हणून राहत नाही. कुणाच्या तरी घरी डेंग्यूचा ताप असतो. फॅमिली ग्रुपवर ‘प्लेटलेट साठ हजारांवर आल्या’ असा निरोप येतो आणि मामा, मावशी, काकू सगळ्यांचा एकच सल्ला येतो : पपईच्या पानांचा रस द्या.

हा उपाय आपण आजीच्या बटव्यातला समजतो. पण पपई मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या काळात ती आपल्याकडे आली, त्यामुळे चरक-सुश्रुतांना ती ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही.

तरीही या पानांत काहीतरी आहे खरे. श्रीलंकेतल्या संशोधकांनी 2012 मध्ये पानांच्या अर्काची तपासणी प्रसिद्ध केली. रक्तातल्या लाल पेशी वेगळ्या काढायच्या आणि त्यांना उष्णता द्यायची किंवा अगदी फिक्या मिठाच्या पाण्यात ठेवायचे. पेशी फुटल्या की आतले हिमोग्लोबिन बाहेर येते आणि पाणी लाल होते. अर्क घातल्यावर ही लाली कमी झाली, म्हणजे पेशींचे आवरण टिकले. डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तावरही हा प्रयोग झाला. पानांतली फ्लॅव्होनॉइडसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्ये पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध भागाला गंज चढू देत नाहीत, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

पण हे सगळे काचेच्या नळीत, आणि लाल पेशींवर. डेंग्यूत घटतात त्या प्लेटलेट. त्यांच्यावरचा प्रयोग मलेशियात झाला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दोनशेहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना 50 ग्रॅम ताज्या पानांचा रस रोज एकदा, तीन दिवस दिला. रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट दीड-दोन दिवसांत जास्त वाढल्या. आकडा वाढला, पण रसामुळे रुग्ण दगावण्याचे टळते असे त्यातून सिद्ध झाले नाही.

आणि डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा केवळ प्लेटलेट कमी झाल्याने नाही. रक्तवाहिन्यांतून रक्तातले पाणी बाहेर झिरपते, रक्त घट्ट होते, दाब उतरतो. हे होते साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, अगदी ताप उतरतो त्याच सुमारास! घरातले सुटकेचा श्वास टाकतात, पेशंट उठून बसेल म्हणतात, आणि घात होतो. म्हणून रिपोर्टमध्ये प्लेटलेटशेजारचा पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट हा आकडाही बघा. प्लेटलेट उतरताहेत आणि तो चढतोय, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणे किंवा उगाच अस्वस्थ होणे, हातपाय गार पडणे, सहा-सहा तास लघवी न होणे, यातले एकही दिसले तर रस बाजूला ठेवून दवाखाना गाठा. अर्ध्या रात्री असले तरी.

माझी रसाबद्दलची खरी तक्रार वेगळी आहे. तो जहरासारखा कडू. आजारी माणसाला बळेच पाजला की उलटी होते. अंगातले पाणी जाते, आणि उलटी रसाची की आजाराची हे डॉक्टरांनाही कळेनासे होते. त्यापेक्षा मीठ-साखरेचे पाणी, ओआरएस, पेज, ताक, शहाळे घोट-घोट द्या. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. गरोदर बाईला हा रस देऊच नका.

आणि आजीच्या समाधानासाठी चमचाभर दिलाच असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. कधी दिला, किती दिला, तेवढे कागदावर लिहून न्या.