टेकडीची वाट कोण राखणार?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर उजाडण्याआधीच माणसांचा राबता सुरू होतो. हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती इथेही तेच चित्र. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचा वेताळ टेकडीचा माथा हे शहरातले सर्वांत उंच ठिकाण, आणि वर्गणी न घेणारी व्यायामशाळाही. बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या प्रस्तावाला पुणेकरांनी इतका कडाडून विरोध केला तो या जिव्हाळ्यापोटीच. पण रोज आपल्याच पायांखाली टेकडी झिजते आहे, त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

आधी फायद्याचे पाहू. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास टेकडी चढली, तर पाच दिवसांत दीडशे मिनिटे भरतात. चढताना हृदय आणि फुफ्फुसे कामाला लागतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. सवय नसलेल्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात त्या याचमुळे, आणि नियमित सरावाने याच कामातून त्या बळकट होतात. खाचखळग्यांच्या वाटेवर प्रत्येक पाऊल निराळे पडते. घोट्याभोवतीच्या स्नायूंना आणि तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला सतत जागे राहावे लागते. सपाट फरशीवर हे घडत नाही.

आता टेकडीची बाजू. आपल्या टेकड्या बेसॉल्टच्या. वर मुरूम आणि मातीचा थर बेताचाच. हजारो पावले पडली की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या दबून जातात. पाणी मुरत नाही, ते वाहू लागते. वाट थेट उताराच्या दिशेने जात असेल, तर तीच पावसात ओढा बनते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर माती-दगड ओढून नेण्याची त्याची ताकद दुपटीहून कितीतरी जास्त वाढते. मग वाटेची घळ होते, खालचे दगड आणि झाडांची मुळे उघडी पडतात. चालणारा ती चुकवून कडेच्या गवतावरून जातो आणि शेजारी नवी वाट पडते. काही वर्षांत एका पायवाटेच्या चार होतात. मधले गवत मरते. त्या गवतातच चंडोलासारखे पक्षी जमिनीवर घरटी करतात.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक. उद्घाटनाच्या फोटोत ते छान दिसते. पण कठीण पृष्ठभागावरून पाणी अधिक वेगाने धावते आणि जिथे फरसबंदी संपते तिथली माती खणून काढते. शेवाळ धरले की उतार निसरडा होतो. शिवाय ज्या खडबडीतपणामुळे टेकडीवरचे चालणे रस्त्यावरच्या चालण्याहून वेगळे ठरते, तोच आपण पैसे मोजून घालवतो. वृद्धांसाठी, व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी पायथ्याशी एखादी सपाट, पक्की वाट जरूर असावी. सगळी टेकडी फरशीखाली घालण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

मातीची वाट टिकवण्याचे शास्त्र सोपे आहे. ती सरळ वर न चढवता उतारावरून आडवी, वळणे घेत न्यावी. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवावा, हा ढोबळ नियम. वाटेला दरीच्या बाजूला किंचित कल द्यावा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता ओलांडून जाते. जिथे ते साचते वा धावते तिथे तिरके दगड रोवून त्याला बाहेर काढावे. याला लागतात कुदळ, घमेले, जागेवरचेच दगड आणि पाण्याची वाट ओळखणारी नजर. मे महिन्यात चर मोकळे करायचे, पावसाळ्यानंतर पडझड दुरुस्त करायची. झाडे लावण्याचे श्रमदान आपल्याकडे उत्साहाने होते. त्यातले दोन रविवार वाटेला द्यायला हवेत.

तेवढ्याने मात्र भागणार नाही. टेकड्यांची जमीन काही वनखात्याची, काही महापालिकेची, काही खासगी. त्यामुळे वाटेची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. नव्या बांधकामाला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही. प्रत्येक टेकडीवर ठरावीक वाटांचा नकाशा, त्यांच्या देखभालीची छोटी पण कायमची तरतूद आणि वर्षातून दोनदा पाहणी, एवढी मागणी नागरिकांनी लावून धरली पाहिजे.

आणि चालणाऱ्यांनी? चिखल असला तरी मुख्य वाट सोडू नये. बूट धुता येतात, गवत परत यायला काही पावसाळे लागतात. वळण तोडून मधूनच उतरू नये. मुसळधार पावसानंतर एखादा दिवस टेकडीला विश्रांती देऊन रस्त्यावर चालावे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी, विशेषतः मधुमेह वा रक्तदाब असल्यास, आधी डॉक्टरांना विचारावे आणि चढताना छातीत दुखले तर तिथेच थांबून मदत मागावी. टेकडी आपली तब्येत सांभाळते. तिच्या तब्येतीसाठी पावसाळ्याआधी एक सकाळ काढणे, हा काही महागाचा सौदा नाही.