दोन वूफर हवेत कुणाला?

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आमच्या हॉस्टेलमधली एकही मुलगी विसरणार नाही. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला, आणि इकडे टीव्ही रूममध्ये आम्ही साठेक जणी गाद्या टाकून बसलेलो. मला ती रात्र आणखी एका कारणासाठी लक्षात आहे. खिडकीकडच्या कोपऱ्यातून सारखी ओरड, "अगं, काय बोलतायत कळत नाहीये, आवाज वाढव!" आणि मधल्या गाद्यांवरून, "कमी कर, कान फुटतील!" खोली तीच, स्पीकर तोच. आणि तो स्पीकर घेण्याचा हट्ट माझा होता.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखन संपादक मंडळाने तपासलंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ते त्यांचं, मुद्दा मात्र माझा.)

झालं असं, की ऑगस्टमध्ये हॉस्टेल फंडातून स्पीकरची जोडी घ्यायची ठरली. दुकानात एक जोडी एका वूफरची, दुसरी उंच, साडेसहा इंची दोन वूफर आणि त्यांच्या मधोमध ट्वीटर. दुकानदार म्हणाला, "मॅडम, डबल वूफर, डबल बेस!" आणि ई अँड टीसीच्या थर्ड इयरच्या या मॅडमनी चक्क मान डोलावली. दिसायला भारी होते ना.

डबल बेस वगैरे काही होत नाही. वूफर किती खालपर्यंत जाणार हे त्या वूफरच्या आणि खोक्याच्या रेझोनन्सवर ठरतं. तसाच दुसरा वूफर लावला आणि त्याला त्याच्या वाटचं खोकं दिलं, तर रेझोनन्स होता तिथेच राहतो. मग दुसऱ्याचा उपयोग काय? हवा ढकलायचा. बेस म्हणजे शेवटी हवा ढकलण्याचं हमालीकाम. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरलात, तर कोनला चौपट पुढेमागे हलावं लागतं. छोटा वूफर इथे धापा टाकायला लागतो आणि आवाज फाटतो. दोघांनी मिळून ओझं उचललं, की तेवढ्याच आवाजाला प्रत्येकाला निम्मंच हलावं लागतं. दोन वूफरचा खरा फायदा हा आहे, आणि तो दुकानात पाच मिनिटांत ऐकू येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग एकच मोठा का नाही? साडेसहा इंची दोन वूफरचं क्षेत्रफळ साधारण सव्वानऊ इंची एका वूफरएवढं होतं. (वर्ग दुप्पट म्हणून व्यास १.४१ पट. एवढं तर मेकॅनिकलवालेसुद्धा मानतील.) पण एवढ्या मोठ्या कोनला माणसाचा आवाज नीट जमत नाही. वरच्या फ्रीक्वेन्सी तो टॉर्चसारख्या फक्त समोर फेकतो. मग मधल्या आवाजासाठी तिसरा स्पीकर लावा, क्रॉसओव्हर वाढवा, खोकंही रुंद करा. त्यापेक्षा अरुंद खोक्यात दोन लहान वूफर एकावर एक बसवले, की काम भागतं. ही तडजोडच आहे, पण शहाणपणाची.

फुकट मात्र काहीच नाही. दोन वूफर म्हणजे आवाजाचे दोन उगम, आणि बारावीला यंगचा डबल स्लिटचा प्रयोग आपण सगळ्यांनीच घोकलाय. बेसची लांबी मोठी असते, ५० हर्ट्झला जवळजवळ सात मीटर, त्यामुळे तिथे दोघं एकच होऊन वागतात. पण १००० हर्ट्झला ती ३४ सेंटिमीटरवर येते. आमच्या स्पीकरमध्ये दोन वूफरच्या केंद्रांत अंतर ३० सेंटिमीटर. म्हणजे सरळ रेषेपासून साधारण ३५ अंश बाजूला गेलं, की एका वूफरचा आवाज दुसऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटर उशिरा पोचतो. अर्धी लांबी! दोघं एकमेकांना खोडून टाकतात.

मधे ट्वीटर, वरखाली वूफर ही रचना जोसेफ डी'अपोलिटो या अमेरिकन इंजिनिअरने १९८३ मध्ये मांडली, ती खोकं उभं ठेवायचं असं धरून. उभ्या खोक्यात ही खोडाखोड छताकडे आणि जमिनीकडे जाते, तिथे कुणी बसत नाही. आम्ही काय केलं? टीव्हीखाली उंची पुरेना म्हणून एक स्पीकर कपाटावर आडवा झोपवला. झालं, ती खोडाखोड थेट खिडकीकडच्या कोपऱ्यात. तिथे आवाज कितीही वाढवला तरी खोडलेलं खोडलेलंच, मधल्यांच्या कानांना त्रास तेवढा जास्त.

दुसरा धडा महाग पडला. आठ ओहमचे दोन वूफर पॅरलल जोडले, की खोकं चार ओहमचं होतं. जानेवारीत गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला अँप्लिफायरचं एक चॅनेल बंद होतं, म्हणून दोन्ही खोकी मी एकाच चॅनेलवर टाकली. दोन ओहम! वीसेक मिनिटांत जळकट वास आला आणि अँप्लिफायर गेला. सर्किट थिअरीला मला चांगले मार्क आहेत, हे इथे सांगायला लाज वाटते.

आता नवा अँप्लिफायर घ्यायचाच आहे, तर कमिटीत टूम निघालीय की टॉवरही बदलून चार-चार वूफरचे घेऊ. कारण? मुलांच्या हॉस्टेलमध्ये मोठे आहेत! माझा याला स्पष्ट विरोध आहे. वूफर दुप्पट करून आणि करंट दुप्पट ओढून सगळं मिळून ६ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. आणि टीव्ही रूमला लागूनच स्टडी रूम आहे, हे विसरू नका. बेस भिंतीला जुमानत नाही. गॅदरिंगच्या मोठ्या हॉलसाठी जास्त वूफर मी समजू शकते, पण तो हॉल वर्षातून दोनदा लागतो, भाड्याने आणता येतात.

माझं म्हणणं एवढंच, की अँप्लिफायर चार ओहम नीट झेपणारा घ्यावा आणि टीव्ही फूटभर बाजूला सरकवून स्पीकर उभा करावा. रेक्टर मॅडमना मी अर्ज दिलाय. स्टँडसाठी वर्कशॉपमध्ये जुना अँगल पडलाय, वेल्डिंग मी करते. ड्रिल धरायला मात्र कुणीतरी यावं लागेल, शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर.